सॅकला प्लास्टिक नको, खोळ हवी



आपल्या पुरवणीतील हिमालयाच्या ट्रेकच्या तयारीवरचा लेख वाचला. बूट, गरम कपडे, औषधे, सगळ्याची यादी होती. पण पुण्या-मुंबईची मंडळी आता डेहराडून, लेह विमानानेच गाठतात. काउंटरवर सोपवलेली सॅक तिथे धड पोहोचावी म्हणून काय करायचे, यावर अवाक्षर नव्हते.

सॅकला खांद्याचे पट्टे, कमरपट्टा, छातीची पट्टी अशी लोंबणारी बरीच शेपटे असतात. सामानाच्या सरकत्या पट्ट्यात त्यातले एखादे अडकले की बक्कल तुटते, नाहीतर शिवण उसवते. कमरेचे बक्कल गेले की सगळे ओझे खांद्यावर येते, आणि नेमके त्या मापाचे बक्कल सांक्रीसारख्या ट्रेकच्या पायथ्याच्या गावात कुठे शोधायचे?

यावर विमानतळावर पैसे मोजून सॅक प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेण्याची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. पट्टे दबतात, हे कबूल. पण आत पॉवर बँक किंवा गॅसचा डबा राहून गेला (दोन्ही चेक-इनला चालत नाहीत, गॅस तर केबिनमध्येही नाही) आणि तपासणीत सॅक उघडावी लागली, की प्लास्टिक कापले जाते आणि पुढचा प्रवास तसाच. परतीच्या छोट्या विमानतळावर गुंडाळून देणारा असेलच असेही नाही. शिवाय लेहमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर १९९८ पासून बंदी आहे. तिथे आपण निसर्ग पाहायला जाणार आणि उतरल्या उतरल्या मीटरभर प्लास्टिक कचऱ्यात टाकणार!

त्यापेक्षा जाड ताडपत्रीची, तोंडाला चेन असलेली साधी खोळ शिवून घ्यावी. बॅगा दुरुस्त करणारा कुठलाही कारागीर ती शिवून देईल, आणि ती वर्षानुवर्षे टिकेल. रेनकव्हर म्हणजे खोळ नव्हे. त्यात पाठीची बाजू उघडी राहते, आणि पट्टे तर तिथेच असतात. खोळीत घालण्याआधी कमरपट्टा उलटा वळवून सॅकच्या पुढच्या बाजूने बक्कल लावावे, बाकीचे पट्टे आवळून टोके आत खोचावीत.

ट्रेकिंगच्या काठ्या सुरक्षा तपासणीत अडवतात, म्हणून त्याही चेक-इनलाच जातात. त्या सॅकच्या बाहेर अडकवून पाठवणे म्हणजे मोडायला देणे. ॲल्युमिनियमची वाकते, कार्बनची सरळ तडकते. पूर्ण मिटवून, टोकांना रबरी टोप्या घालून, कॅरीमॅटमध्ये गुंडाळून त्या सॅकच्या आत पाठीलगत उभ्या ठेवाव्यात. मावत नसतील तर नेऊच नयेत. सांक्रीत, लेहमध्ये काठ्या भाड्याने मिळतात. दुसऱ्याचे बूट चावतात, काठीचे तसे नाही.

आता विमान कंपन्यांविषयी. सॅक दिसली की काउंटरवर अनेकदा ‘लिमिटेड रिलीज’च्या चिठ्ठीवर सही मागतात. सामान नीट बांधलेले नाही, मोडतोड झाली तर जबाबदारी प्रवाशाची, असा तिचा अर्थ. मागे रांग खोळंबलेली असते, माणूस न वाचता सही ठोकतो. एक तर देशांतर्गत प्रवासात सामानाच्या भरपाईची कमाल मर्यादा २०,००० रुपये, आणि या सहीने तीही हातची जाण्याची वेळ येते. परदेशातल्या अनेक विमानतळांवर सॅक खोलगट ट्रेमध्ये ठेवून पुढे सरकवतात. आपल्याकडे हे सरसकट करायला फार मोठा खर्च येईल असे वाटत नाही. सही मागण्याआधी ट्रे द्यावा, एवढीच मागणी आहे.

प्रवाशांनीही सामान हाती येताच तिथेच तपासावे आणि मोडतोड दिसली तर विमानतळ सोडण्यापूर्वी लेखी तक्रार करून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल करारानुसार ही तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत करावी लागते.

आपल्याकडच्या ट्रेकिंग संस्था जॅकेट, स्लीपिंग बॅग भाड्याने देतात. त्यांनी पुढच्या हंगामापासून दहा-वीस खोळीही शिवून ठेवाव्यात, ही विनंती.

– एक ट्रेकर, पुणे