चीनची अण्वस्त्रे: वचन जुने, कोठारे नवी

३ सप्टेंबर २०२५ रोजी बीजिंगच्या तियानमेन चौकात चीनने मोठे लष्करी संचलन केले. निमित्त होते जपानवरील विजयाच्या ८० व्या वर्षाचे. जमिनीवरून, पाणबुडीतून आणि विमानातून डागता येणारी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे त्यात प्रथमच एकत्र दाखवली गेली. आपल्याकडे वाहिन्यांवर लगेच "चीन विरुद्ध आपण" अशी आरडाओरड सुरू झाली. आम्हाला वाटते, बौद्ध तरुणांनी हा विषय त्यापलीकडे जाऊन समजून घेतला पाहिजे.

शस्त्रविद्या चीनला नवी नाही. शीआन येथील मातीच्या सैन्याजवळ सापडलेले धनुर्यंत्रांचे कांस्य खटके दोन हजार वर्षांहून जुने आहेत. बंदुकीच्या दारूची कृती १०४४ सालच्या सोंग राजवटीच्या युद्धग्रंथात नोंदलेली आहे. त्याच भूमीत सुन त्झू याच्या नावावरील ग्रंथाने न लढता शत्रूला नमवणे हेच श्रेष्ठ कौशल्य मानले. आजच्या अण्वस्त्रांच्या धाकाची मुळे अनेक जण तिथे शोधतात. आमच्या मते मात्र ती अलीकडच्या इतिहासात आहेत.

कोरियन युद्ध आणि १९५४-५५ चे तैवान सामुद्रधुनीचे संकट या काळात अमेरिकेने चीनला अण्वस्त्रांची धमकी दिली. १९५५ मध्ये माओंनी बॉम्ब बनवण्याचा निर्णय घेतला. १९५९ मध्ये सोव्हिएत रशियाने मदतीचा हात आखडता घेतला, तरी काम थांबले नाही. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी शिनजियांगमधील लोप नूर येथे पहिला स्फोट झाला. त्याच दिवशी चीनने जाहीर केले की, आम्ही अण्वस्त्र आधी वापरणार नाही. पुढे अनेक दशके चीनने साठा लहान ठेवला. हल्ला झालाच तर प्रत्युत्तरापुरती शस्त्रे वाचावीत, एवढाच हिशेब होता.

तो हिशेब आता बदलतो आहे. स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये चीनकडे सुमारे २९० अण्वस्त्रे होती, २०२५ च्या सुरुवातीला ती सुमारे ६०० झाली. रशिया आणि अमेरिकेकडे प्रत्येकी पाच हजारांहून अधिक आहेत, हेही विसरता येणार नाही. २००२ मध्ये अमेरिका क्षेपणास्त्रविरोधी करारातून बाहेर पडली. तिची संरक्षक यंत्रणा आपले मोजके प्रत्युत्तरही अडवील, ही चीनची भीती आहे. म्हणजे एकाची ढाल पाहून दुसरा तलवारी वाढवतो आणि त्या तलवारी पाहून तिसरा. "आधी वापरणार नाही" हे वचन कागदावर कायम आहे, पण साठा वाढला की शेजाऱ्यांचा त्यावरील विश्वास कमी होतो.

२०२१ मध्ये उपग्रह छायाचित्रांतून क्षेपणास्त्रांची नवी भूमिगत कोठारे उघड झाली. त्यांपैकी एक क्षेत्र गान्सू प्रांतात युमेनजवळ, तर दुसरे शिनजियांगमध्ये हामीजवळ आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग याच पट्ट्यातून धम्मग्रंथांच्या शोधात भारताकडे निघाला होता. तो महाराष्ट्रातही आला. त्याने वर्णिलेला डोंगरातील विहार म्हणजे अजिंठा, असे अभ्यासक मानतात. दुनहुआंगची बौद्ध लेणी याच गान्सूत आहेत. ज्या वाटेने धम्म चीनमध्ये गेला, त्या वाटेवर आज क्षेपणास्त्रे पुरली जात आहेत. लोप नूरला १९९६ पर्यंत ४५ चाचण्या झाल्या, त्यांतील २३ उघड्या वातावरणात. किरणोत्सर्गाची किंमत नेहमी राजधानीपासून दूर राहणाऱ्या, आवाज नसलेल्या लोकांच्या वाट्याला येते. तिथे ते उइगूर आणि कझाक होते.

आपले हातही कोरे नाहीत. १८ मे १९७४ रोजी पोखरणमध्ये भारताने स्फोट केला आणि त्याला बुद्धाच्या हास्याचे नाव जोडले गेले. ११ मे १९९८ ला तर बुद्ध पौर्णिमा होती. करुणेच्या शास्त्याचे नाव बॉम्बला चिकटवले गेले, याचा जाब आपल्या समाजाने पुरेशा जोराने विचारलेला नाही.

१९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, ३५० कोटींच्या वार्षिक महसुलापैकी सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात. याचे कारण त्यांनी मित्र न जोडणाऱ्या परराष्ट्र धोरणात शोधले. देशाच्या संरक्षणाला त्यांचा विरोध नव्हता. प्रश्न होता तो खर्चामागच्या धोरणाचा.

तोच प्रश्न आज दिल्ली आणि बीजिंग दोघांनाही विचारायला हवा. अण्वस्त्र आधी न वापरण्याचे वचन दोन्ही देशांनी दिलेले आहे. मग ते परस्परांमधील लेखी करारात का उतरू नये? पुढच्या बुद्ध पौर्णिमेला विहाराविहारांत व्याख्याने होतील. त्यांत एक व्याख्यान या प्रश्नावर ठेवा, असे आमचे कार्यकर्त्यांना आवाहन आहे.