गाडी अडवली म्हणून फोन करण्याआधी

मंगळवारी सकाळी बायपासला आरटीओच्या वायुवेग पथकाने नऊ हायवा उभ्या केल्या. दहा वाजेपर्यंत मला अकरा फोन आले. काही गाडीमालकांचे, काही त्यांच्या पाहुण्यांचे, एक तर आपल्याच एका माजी सदस्यांचा. सगळ्यांचं म्हणणं एकच, "पत्रकार साहेब, जरा बोला की साहेबांशी. धंदा करून खायचा का नाही माणसाने?"

मी कुणासाठीही शब्द टाकला नाही. तेव्हापासून बोलणी खातोय. 'तुला वाळूवाल्यांचा एवढा राग का', 'आरटीओने पाकीट दिलं काय' इथपर्यंत मजल गेली. म्हणून सविस्तर लिहितो. लांब आहे. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

आधी कबुली देतो. तीन वर्षांपूर्वी असाच एक फोन मी केला होता. माझ्या चुलतभावाची हायवा रात्री अडवली होती. खडी भरलेली, पासिंगपेक्षा किती तरी जास्त. भाऊ रडकुंडीला आलेला. मी ओळखीच्या साहेबांना फोन लावला, 'घरची गाडी आहे' म्हणालो, गाडी सुटली. घरी सगळे खूश. मलाही बरं वाटलं. आपला शब्द चालतो, याचा माज प्रत्येकाला असतो, मलाही होता. त्या फोनबद्दल आज काय वाटतं ते पुढे सांगतो.

आपल्याकडे 'नाका' म्हटलं की लोकांना पैसे गोळा करायची जागाच आठवते. यात लोकांची चूक नाही. जकातनाके होते, विक्रीकराचे नाके होते. ट्रक तासन् तास उभे राहायचे, चिरीमिरी दिल्याशिवाय फाटक वर जायचं नाही. मुंबईतली जकात गेली ती २०१७ साली, जीएसटी आल्यावर. कर उठला, पण मनातला नाका तसाच राहिला. त्यामुळे आज रस्त्यात गाडी थांबवली की पहिला विचार हाच, की साहेबांना पैसे पाहिजेत.

काही साहेबांना पाहिजेत, हेही खरं आहे. 'एंट्री' हा शब्द या धंद्यातल्या पोरासोरांनाही माहीत आहे. महिन्याची एंट्री दिली की गाडी बिनघोर. यावर मी बातम्या केल्या आहेत, त्याचे परिणामही भोगले आहेत. पण एक प्रश्न स्वतःला विचारा. गाडीमालक एंट्री कशाची देतो? कागद पूर्ण आणि माल पासिंगमध्ये असेल तर तो कशाला देईल? पासिंगपेक्षा जास्त माल नेण्याची मुभा तो विकत घेतो. घेणारा चोर आहेच. पण विकला जाणारा माल आपला रस्ता आहे.

आता हिशेब बघू. आपल्याकडे वाळू, खडी, मुरूम सगळं ब्रासमध्ये चालतं. ब्रास म्हणजे १०० घनफूट. रॉयल्टीची पावतीही ब्रासची. पण रस्त्याला ब्रास कळत नाही, त्याला टन कळतो. एक ब्रास वाळू साधारण साडेचार टन भरते, ओली असेल तर आणखी जास्त. दहाचाकी हायवा रिकामीच अकरा-बारा टनांची. तिला मालासकट मुभा साधारण २८ टनांची. म्हणजे कायद्याने आत बसते साडेतीन ब्रास. आपल्याकडे किती भरतात? सहा. पाट्या लावून, वर ढीग करून. सहा ब्रासचे २७ टन आणि गाडीचे १२, झाले ३९ टन. एका खेपेला ११ टन जादा.

कुणी म्हणेल, नियमच जुने आहेत, आताच्या गाड्या दणकट आहेत. तर ऐका, ते नियम सरकारने २०१८ मध्ये सैल केले आहेत. चार टायरच्या एका एक्सलला आधी १०.२ टन चालायचे, आता ११.५ चालतात. मागच्या जोड एक्सलला १९ चे २१ टन झाले. सगळ्यात मोठ्या गाड्यांची मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. मुभा वाढवून दिली आणि आपण त्याच्याही वर गेलो.

अकरा टनांनी असा काय फरक पडतो? इथेच खरी मेख आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यावर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक रात्रंदिवस फिरवले आणि रस्ता कसा खचतो ते मोजलं. त्यातून निघालेला ठोकताळा आजही जगभर वापरतात. एक्सलवरचं वजन वाढतं त्याच्या चौथ्या घाताने रस्त्याचं नुकसान वाढतं. सोप्या भाषेत, वजन दुप्पट झालं तर नुकसान दुप्पट होत नाही, सोळापट होतं. दीडपट वजनाला पाचपट नुकसान. आपल्या ३९ टनांच्या हायवाचा हिशेब केला तर तिची एक खेप म्हणजे पासिंगमध्ये भरलेल्या जवळपास पावणेचार खेपा. माल पावणेदोनपट नेला, रस्ता पावणेचारपट खाल्ला.

आणि हे कोणत्या रस्त्यावर? हायवेवर तरी जाड थर असतो. नदीपासून बायपासपर्यंतचा आपला रस्ता जिल्हा परिषदेचा. तो बैलगाडी, ट्रॅक्टर आणि दिवसातून चार एसट्या धरून केलेला. त्यावर रात्री शंभर हायवा. मग पहिल्या पावसात रस्ता उखडला की आपण ठेकेदाराला शिव्या घालतो. ठेकेदारही धुतल्या तांदळाचा नसतो, पण रात्री रस्ता कोण दळतंय ते आपण बोलत नाही.

गंमत बघा. साखर कारखान्याच्या काट्यावर खेपेमागे दोन क्विंटलचा संशय आला तरी आपण 'काटामारी' म्हणून रस्त्यावर उतरतो, आणि उतरलंच पाहिजे. पण त्याच रस्त्यावरून दहा-अकरा टन जादा माल रोज जातो, तेव्हा कुणाला काटा आठवत नाही.

रस्त्याचं सोडा, रस्ता पुन्हा होईल. ब्रेकचं काय? गाडीचे ब्रेक तिच्या पासिंगच्या वजनासाठी केलेले असतात. वजन ४० टक्के वाढलं की त्याच वेगाला थांबवायला ब्रेकवर ४० टक्के जास्त भार येतो. उतारावर लायनर आणि ड्रम तापत जातात. एका मर्यादेपलीकडे तापले की पायाखाली नुसतं पॅडल राहतं. ४ जुलै २०२३ ला मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर गाड्यांना उडवत थेट हॉटेलात घुसला. किमान दहा माणसं गेली. त्यात स्टॉपवर उभी असलेली माणसंही होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने कितीतरी गाड्या ठोकल्या. ही दोन्ही उदाहरणं जादा वजनाची आहेत असं मी म्हणत नाही. जड गाडी आवरली नाही तर ती कुणाच्या अंगावर जाते, एवढंच सांगतो. ती ट्रकमालकाच्या अंगावर जात नाही.

म्हणून गाडी थांबवतात तेव्हा नुसतं वजन बघत नाहीत. टायर गुळगुळीत झालेत का, ब्रेक लागतात का, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर आहेत का, फिटनेस आणि विमा चालू आहे का, चालकाकडे जड वाहनाचं लायसन्स आहे का. उसाच्या हंगामात अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉलीला मागून धडकलेली मोटारसायकल प्रत्येक गावाने पाहिली आहे. कुणी म्हणतं, फिटनेस तर आरटीओनेच दिलंय, मग परत कशाला? अहो, नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा फिटनेस लागतं, पुढे वर्षातून एकदा. त्या एका दिवसापुरते टायर मागून आणून लावणारे मी पाहिलेत. उरलेले ३६४ दिवस गाडी कशी आहे, ते रस्त्यावरच कळणार.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. आपल्या सहा ब्रासवाल्या हायवाचे झाले ४२ हजार. गाडी थांबवली नाही किंवा काट्यावर न्यायच्या आधी माल वाटेत टाकला तर ४० हजार. पण सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलंय, दंड भरला म्हणजे जादा माल नेण्याचा परवाना मिळाला असं होत नाही. आपल्याकडे होतं काय? पावती फाडतात आणि तीच गाडी, तोच माल घेऊन पुढे जाते. म्हणजे दंडही एक प्रकारची एंट्रीच झाली, फक्त ती सरकारजमा. माझी पथकावरची सगळ्यात मोठी तक्रार ही आहे. मंगळवारी नऊ गाड्यांपैकी एकीचाही माल उतरवलेला मी पाहिला नाही.

आता चुलतभावाकडे येतो. परवा तो घरी आला होता. मी विचारलं, पासिंगमध्ये का भरत नाहीस? म्हणाला, "दादा, साडेतीन ब्रास नेले तर डिझेल आणि ड्रायव्हर सुटतो, बँकेचा हप्ता सुटत नाही. मी नाही म्हटलं तर क्रशरवर मागे दहा गाड्या उभ्या असतात. भाव ठरतो तोच सहा ब्रास धरून." तो खोटं बोलत नाही. सगळेच जादा भरतात म्हणून भाडं पडलंय, आणि भाडं पडलंय म्हणून सगळ्यांना जादा भरावं लागतं. यात एकट्याने प्रामाणिक राहायचं म्हणजे गाडी विकायची. हे चक्र एकच गोष्ट तोडू शकते, सगळ्यांना सारखा काटा. सगळ्या गाड्या साडेतीन ब्रासवर आल्या की भाव आपोआप साडेतीनवर ठरेल. म्हणजे खरी तपासणी गाडीवाल्याच्याही भल्याचीच आहे.

कलम १९४ नीट वाचा. गाडी चालवणाऱ्याबरोबर ती चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही त्यात येतो. पण रस्त्यावर सापडतो कोण? रात्रभर जागलेला ड्रायव्हर. भरणारा क्रशरवर आरामात झोपलेला असतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

पहिली, वजन रस्त्यावर नंतर करा, आधी जिथे गाडी भरते तिथे करा. क्रशर, वाळू डेपो, कारखाना. काट्याची पावती असल्याशिवाय गाडी बाहेर पडू नये, आणि पावतीवर ब्रासबरोबर टनही लिहा.

दुसरी, काटा तटस्थ हवा. गाडी वजनाला न्यायची तर पुढच्या वाटेवर १० किलोमीटरच्या आत काटा असावा असं कायदा सांगतो. आपल्याकडे त्या टप्प्यातला एकमेव भुईकाटा कुणाचा, ते तुम्हाला माहीत आहे. ज्याची खडी त्याचाच काटा. बाजार समितीच्या जागेत एक सरकारी काटा बसवायला किती खर्च येतो, हे पुढच्या बैठकीत विचारा.

तिसरी, पथकाने माल उतरवण्याची जागा ठरवावी, आणि कोणती गाडी किती जादा होती त्याची यादी दर महिन्याला तहसीलच्या फलकावर लावावी. एंट्री देणाऱ्याची गाडी यादीत कधीच दिसणार नाही, आणि तेच लोकांना दिसेल.

चौथी मागणी तुमच्याकडे, आणि माझ्याकडेही. फोन करू नका.

तीन वर्षांपूर्वी मी सोडवलेली ती हायवा हायस्कूलच्या रस्त्याने गेली होती. त्या रस्त्यावर ओढ्याची मोरी आहे. मागच्या पावसाळ्यात मोरीचा स्लॅब खचला आणि एसटीने त्या बाजूची फेरी बंद केली. तेव्हापासून वस्तीवरच्या मुली हायस्कूलला तीन किलोमीटर चालत येतात. माझ्या भावाच्या एका खेपेने मोरी खचली असं कुणी म्हणणार नाही. तिच्यावरून शेकडो गाड्या गेल्या. पण त्या शेकडो गाड्यांमागे असेच शेकडो फोन होते आणि त्यातला एक माझा होता.

त्या मुलींमध्ये माझ्या भावाचीही मुलगी आहे. नववीत आहे. सकाळी सव्वानऊला मी बायपासवर चहाला थांबतो तेव्हा ती दप्तर पाठीवर घेऊन समोरून जाते. शेजारून हायवा गेली की रस्ता सोडून खाली उतरते, धूळ बसेपर्यंत थांबते आणि पुन्हा चालायला लागते.

भावाला मी हे सांगितलं. तो काही बोलला नाही. चहा अर्धा ठेवून उठला.

बाकी ज्यांना माझ्यावर राग आहे, त्यांचा फोन मी उचलेन. फक्त गाडी सोडवण्यासाठी लावू नका.