चालायला कारण हवं: जिओकॅशिंग या छंदाविषयी एका डॉक्टरचं मत

"रोज पाऊण तास चाला." मधुमेह, रक्तदाब किंवा वाढलेलं वजन असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशंटने हे वाक्य ऐकलेलं असतं आणि बहुतेकांना ते पटलेलंही असतं. तरीही तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन येतात तेव्हा उत्तर ठरलेलं असतं. "डॉक्टर, सुरुवातीला पंधरा दिवस नियमित गेलो. मग पाऊस लागला, मग पाहुणे आले आणि राहूनच गेलं."

याला सगळे आळस म्हणतात. मला ते पटत नाही. गुडघे दुखतात म्हणणारी किती तरी माणसं आषाढात आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जातात. त्यांच्या डोक्यात किलोमीटर नसतात, पंढरपूर असतं. त्याच माणसांना मैदानाला दहा फेऱ्या मारा म्हटलं तर तिसऱ्या फेरीला कंटाळा येतो. चालणं टिकायला कारण लागतं, आणि "साखर कमी होईल" हे कारण रोज सकाळी अंथरुणातून उठवायला पुरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न लहान नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. २०२४ साली 'लान्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या आकडेवारीनुसार आपल्याकडची जवळपास निम्मी प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि त्यात बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. म्हणून चालायला कारण देणारी कोणतीही निरुपद्रवी गोष्ट मला औषधाइतकी महत्त्वाची वाटते. आज त्यातल्याच एका छंदाबद्दल लिहितो आहे.

जिओकॅशिंग म्हणजे काय?

यातल्या 'कॅश'चा रोख पैशाशी संबंध नाही. इथे कॅश म्हणजे लपवून ठेवलेला डबा. एक माणूस छोटा डबा कुठे तरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. दुसरी माणसं मोबाईलवरच्या जीपीएसच्या मदतीने तो शोधतात. डब्यात एक वही असते. तिच्यात नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. डबा मोठा असेल तर त्यात खेळणी, नाणी, बिल्ले असतात. त्यातलं काही घेतलं तर तितक्याच किंवा जास्त किमतीचं काही ठेवायचं, असा रिवाज आहे.

याची सुरुवात अमेरिकेत झाली. मे २००० पर्यंत सामान्य लोकांना मिळणारा जीपीएसचा सिग्नल तिथलं सरकार मुद्दाम ढोबळ ठेवत असे. त्यात शंभर मीटरपर्यंत चूक येई. ते बंधन उठलं आणि लगेच, ३ मे २००० रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या रानात एक काळी बादली लपवून तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक बेचकी असलं सामान होतं. काही दिवसांतच ती सापडलीसुद्धा. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य अमेरिका व युरोपात आहेत.

प्रत्येक डब्याला दोन आकडे दिलेले असतात, दोन्ही १ ते ५ मधले. पहिला शोधायला किती अवघड आहे ते सांगतो, दुसरा वाट किती अवघड आहे ते. वाटेचा आकडा १ असेल तर व्हीलचेअरसुद्धा जाऊ शकते. ५ असेल तर दोर, होडी असं खास सामान लागतं. डॉक्टर म्हणून मला ही पद्धत फार आवडते. कारण आपल्या गुडघ्यांना आणि हृदयाला झेपेल ते घरी बसूनच निवडता येतं.

तब्येतीला यातून काय मिळतं?

१) पाय चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी. मध्यम श्रम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डबा शोधत झुडपापाशी घुटमळणं यात मोजता येणार नाही. म्हणून गाडी डब्यापासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर लावा आणि तिथून झपझप चालत जा. जाणं-येणं हा व्यायाम झाला आणि शोधणं हे त्याचं बक्षीस. एका दमात अमुक मिनिटं चाललंच पाहिजे अशी अटही आता राहिलेली नाही, थोडं थोडं चाललेलंही जमेस धरलं जातं. जेवणानंतरचं दहा-पंधरा मिनिटांचं चालणं तर जेवणानंतर चढणारी साखर खाली ठेवायला मदत करतं.

२) तोल सुधारतो. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत असंही त्याच सूचनांत आहे. ट्रेडमिलवर हे होत नाही. उंचसखल पायवाट, वाकणं, बाकाखाली डोकावणं, हात वर करून फांदीमागे चाचपणं यात शरीर ज्या दिशांना वळतं, त्या दिशांना निवृत्त माणूस दिवसभरात एकदाही वळत नाही.

३) डोकं चालतं. मोबाईलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत नेतो, उंच इमारतींत किंवा दाट झाडीत त्याहून कमी अचूक. पुढे डोळे आणि अंदाज. लपवणाऱ्याने कसा विचार केला असेल, याचा आपण विचार करायचा. लंडनच्या टॅक्सीचालकांना हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असल्याचं २००० साली एका प्रसिद्ध अभ्यासात दिसलं. २०११ साली १२० ज्येष्ठांच्या अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढल्याचं आढळलं. यावरून डबे शोधले की स्मृतिभ्रंश होत नाही, असा अर्थ कुणी काढू नये. तसा पुरावा नाही. पण रस्ता लक्षात ठेवत चालणं मेंदूच्या फायद्याचं आहे, एवढं म्हणता येईल. म्हणून बाणाकडे बघत आंधळेपणाने चालू नका. आधी नकाशा पाहा, फोन खिशात ठेवा आणि शेवटच्या पन्नास पावलांना बाहेर काढा. फोन बघत चालताना पडून मनगट मोडलेले पेशंट आम्ही नेहमी पाहतो.

सहा महिने मुलांकडे जाणाऱ्यांसाठी

हा लेख लिहिण्याचं खरं निमित्त हे आहे. आमच्या भागातली कितीतरी मंडळी मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत, जर्मनीत, इंग्लंडमध्ये तीन ते सहा महिने राहून येतात. परत आल्यावर वजन तीन-चार किलोंनी वाढलेलं, साखर वाढलेली आणि चेहरा थोडा उतरलेला. विचारलं की कळतं, मुलगा-सून दिवसभर कामावर, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही, दुकान चालत जाण्याच्या अंतरावर नाही. रस्ता सुंदर, फूटपाथ सुंदर, पण जायचं कुठे? मग सोफा, टीव्ही आणि फ्रीज. "डॉक्टर, तिथे माणूसच दिसत नाही हो," असं एका काकूंनी मला सांगितलं होतं. त्यांच्या साखरेमागे हे वाक्य होतं.

अशा ठिकाणी हा छंद नेमका उपयोगी पडतो. तिथल्या बागांत, तळ्याकाठी, वाचनालयाजवळ डबे असतात. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं असा नियम असल्याने एकाहून दुसऱ्याकडे जाताना आपोआप चालणं होतं. सुरुवातीला मोबाईलवरचं फुकट खातं पुरतं. आजोबा दिवसा जागा हेरून येतात आणि शनिवारी नातवाला घेऊन डबा काढतात. आजोबांना नातवाचं इंग्रजी मिळतं, नातवाला आजोबांचा वेळ मिळतो. माझ्या एका पेशंटने वहीत मराठीत सही करायची सवय लावून घेतली. एकदा तीन पानं मागे त्यांना दुसरी मराठी सही दिसली, तेव्हा झालेला आनंद ते अजून सांगतात. एकटेपणावर गोळी नसते, पण अशा गोष्टी असतात.

तिथे जाताना मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, कुणाच्या खासगी आवारात शिरू नका. दुसरी, अमेरिकेच्या ईशान्य भागात गवतातल्या गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पॅंट मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची बाजू तपासा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, आणि नंतर पुरळ किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. तिसरी, तिथल्या पॉयझन आयव्ही या वेलीला तीन-तीन पानं एकत्र असतात. तिला हात लागला तर खाजरे फोड येतात.

आपल्याकडे करायचं असेल तर

महाराष्ट्रातही असे डबे आहेत, पण तुरळक. इथे माझा इशारा जास्त कडक आहे. दगडांच्या फटीत, बिळात, पाचोळ्यात किंवा झाडाच्या ढोलीत हात घालू नका. सह्याद्रीत आणि कोकणात फुरसं, घोणस, नाग, मण्यार हे चारही विषारी साप आहेत आणि फुरसं तर दगडाखालीच बसतं. लाल विंचूही तिथेच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून बरेच जीव वाचले, पण रुग्ण वेळेत पोचला तरच. काठीने आधी चाचपा, टॉर्च मारा, बूट घाला. साप चावलाच तर घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका. हातपाय हलवू न देता १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठा.

दुसरा मुद्दा लपवण्याचा. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे आपण लोकलमध्ये रोज ऐकतो आणि ते योग्यच आहे. २०११ साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात अशाच एका डब्यामुळे बॉम्बची भीती पसरली आणि बॉम्बनाशक पथकाला यावं लागलं. म्हणून स्टेशन, शाळा, कोर्ट, लष्करी जागा यांच्या आसपास डबा नकोच. गडांच्या तटबंदीत, देवराईत, अभयारण्यातही नको. जागेच्या मालकाची परवानगी घ्या, डबा पारदर्शक ठेवा आणि वर काय आहे ते मराठीत लिहा. खाण्याच्या वस्तू ठेवू नका, मुंग्या आणि उंदीर येतात.

खरं तर आपल्यासाठी घरगुती प्रकार जास्त बरा. सोसायटीच्या आवारात किंवा स्वतःच्या शेतावर आजोबांनी पाच डब्या लपवायच्या, फोनवरच्या नकाशातून अक्षांश-रेखांश टिपायचे आणि मुलांना द्यायचे. पाचव्या दशांश स्थळाचा अंक एकाने बदलला की जागा साधारण एक मीटरने सरकते, हे मुलांना सांगितलं की भूगोलही होतो. यात लपवणाऱ्याचा फायदा शोधणाऱ्यापेक्षा जास्त आहे असं मला वाटतं. शोधणारा एकदा जातो. लपवणाऱ्याला जागा हेरायला, डबी भिजली का बघायला, वही बदलायला पुन्हा पुन्हा जावं लागतं. निवृत्तीनंतर "मी गेलो नाही तर कुणाचं काही अडणार नाही" ही भावना माणसाला खचवते. एका डबीपुरतं का होईना, कुणाचं तरी अडायला हवं.

कुणी जपून करावं?

• चढावर छातीत दुखतं, दम लागतो किंवा चक्कर येते, त्यांनी आधी तपासणी करावी.
• इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं आणि उपाशीपोटी निघू नये.
• मधुमेहामुळे पायांना बधिरपणा असेल तर चप्पल नको, बंद बूट हवेत. घालण्याआधी बूट झटका आणि घरी आल्यावर तळवे बघा.
• एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार बाहेर पडू नका.
• सापडलेल्या डब्यांचा आकडा वाढवायचं व्यसन काहींना लागतं. झोप, घर किंवा औषधाची वेळ चुकायला लागली तर थांबा.

हा छंद औषधाला पर्याय नाही, आणि स्नायूंच्या ताकदीसाठी आठवड्यातून दोन दिवस वेगळा व्यायाम लागतोच. सगळ्यांना तो आवडेल असंही नाही. कुणाला पक्षी पाहायला आवडतात, कुणाला देवळं, कुणाला जुने वाडे. माझा आग्रह डब्याचा नाही, कारणाचा आहे. पुढच्या तपासणीला येताना शुगरच्या रिपोर्टसोबत तुमचं कारण ठरवून या. आपण त्यानुसार चालण्याचा वेळ आणि औषधं बसवू.