मोर्चा संपल्यावर फाइल कोण वाचणार?

गेली बारा वर्षे मी बुलढाणा जिल्ह्यात समाजकार्य करते आहे. या काळात किती निवेदने लिहिली याचा हिशेब नाही. 'तरी न्याय मिळावा ही विनंती' हे शेवटचे वाक्य आता हात आपोआप लिहितो. त्यातल्या एका निवेदनाची गोष्ट आधी सांगते, कारण तिने माझा ताठा उतरवला.

घाटाखालच्या एका गावातली बाई. नवऱ्याने कर्जापायी आत्महत्या केली. अशा कुटुंबाला शासनाकडून एक लाख रुपयांची मदत मिळते, पण प्रकरण आधी 'पात्र' ठरावे लागते. हिचे अपात्र ठरले. आम्ही तीन निवेदने दिली, एकदा चाळीस बायका घेऊन कचेरीसमोर बसलो, घोषणा दिल्या, फोटो छापून आला. चौदा महिने गेले. मग आमच्याकडे तात्पुरती कामाला आलेली एक मुलगी म्हणाली, "ताई, अपात्र कशामुळे ठरवलं, हे लेखी मागितलंय का आपण?" नव्हते मागितले. तिने माहितीच्या अधिकारात अर्ज करून निर्णयाची प्रत आणली. त्यात एकच ओळ होती : कर्जाचा दाखला जोडलेला नाही.

आम्ही त्या बाईकडे गेलो. तिने पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली. दाखला आत होता. म्हणाली, "कागद तं माह्यापाशीच व्हता, ताई. मले कोनं मांगतलाच नाही."

पुढे फेरविचार होऊन मदत मिळाली. पण तोवर थोरली मुलगी बारावीतून काढून तिचे लग्न लावून झाले होते. कचेरीचा दोष आहेच. पण आमच्या तीन निवेदनांपैकी एकानेही 'का' हा प्रश्न विचारला नव्हता, हा दोष आमचा आहे. तो प्रश्न सुचला त्या मुलीने लोकप्रशासन घेऊन एम.ए. केले होते. मी एम.एस.डब्ल्यू. आहे. व्यक्तीबरोबर, गटाबरोबर, वस्तीबरोबर काम कसे करायचे हे मला शिकवले गेले. समाजकल्याण प्रशासनाचा एक पेपर होता, तो मी पाठ करून पास झाले. कचेरीपुढे उभे राहायला मी शिकले. कचेरीच्या आत कागद कसा चालतो, हे कधी शिकले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, स्त्री-संघटनांनी आपल्या निवडक कार्यकर्त्यांना लोकप्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायला लावले पाहिजे. त्याचा खर्च आणि त्या शिक्षणाचा पुढचा उपयोग, या दोन्हींची जबाबदारी संघटनेची असली पाहिजे.

आपल्याकडे हा विषय 'साहेब व्हायचा विषय' म्हणून ओळखला जातो. १९८७ पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तो स्वतंत्र वैकल्पिक विषय आहे, त्यामुळे अभ्यासिकांमधून त्याच्या नोट्सच्या झेरॉक्स फिरतात. पण त्याचा पाया परीक्षेचा नाही. भारतात या विषयाचा स्वतंत्र विभाग प्रथम निघाला तो आपल्याच विदर्भात, नागपूर विद्यापीठात, १९४९ साली. त्या विभागाच्या नावात 'स्थानिक स्वराज्य' हेही शब्द होते. अर्थसंकल्प कसा बनतो, लेखाशीर्ष म्हणजे काय, मंजुरी कोणाच्या अधिकारात येते, शासन निर्णय आणि कायदा यांत फरक काय, लेखापरीक्षण कशाचे होते, अधिकाऱ्याचा स्वेच्छाधिकार कुठे संपतो, हे सारे त्यात शिकवतात. यातला कोणता प्रश्न आपल्या कामाबाहेरचा आहे?

आणि हे शास्त्र पुरुषांनीच घडवले असेही नाही. मेरी पार्कर फॉलेट ही बाई विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत बॉस्टन शहरातल्या वस्त्यांत काम करत होती. संध्याकाळी रिकाम्या राहणाऱ्या शाळा वस्तीच्या केंद्रांसाठी उघडून घेण्यासाठी ती झटली. त्या अनुभवातून तिने मांडले की सत्ता दुसऱ्यावर गाजवायची असते असेच नाही, ती दुसऱ्याबरोबर मिळूनही वापरता येते. आज प्रशासनाच्या अभ्यासक्रमात ती शिकवली जाते. ती मुळात आपल्यासारखीच वस्तीतली कार्यकर्ती होती, हे मात्र तिथे फारसे कोणी सांगत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीने कायदे मिळवण्यात कसूर केलेली नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईतल्या स्त्री-संघटना आणि त्यांचे डॉक्टर-वकील सोबती लढले, म्हणून १९८८ साली देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. आता आपल्या जिल्ह्याचा आकडा बघा. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९०८ होत्या, २०११ च्या जनगणनेत ८५५ झाल्या. कायदा हातात असताना त्रेपन्न मुली कमी झाल्या, आणि हे घडले जिजाऊंच्या सिंदखेडराजाच्या जिल्ह्यात.

याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे समुचित प्राधिकाऱ्याच्या मदतीला सल्लागार समिती असते. तिच्यावर तीन समाजकार्यकर्ते हवेत, आणि त्यांतली किमान एक व्यक्ती महिला संघटनांची प्रतिनिधी हवी. दोन बैठकांमध्ये साठ दिवसांपेक्षा जास्त अंतर असू नये असाही नियम आहे. म्हणजे कायद्याने आपल्याला आत खुर्ची दिलेली आहे. अशा समित्यांवर बसून आलेल्या मैत्रिणींशी मी बोलले. चहा येतो, इतिवृत्त येते, सही होते. सोनोग्राफी केंद्राचा 'एफ' फॉर्म कसा तपासायचा, विषयपत्रिकेवर आपला विषय कसा आणायचा, आपले वेगळे मत इतिवृत्तात कसे नोंदवून घ्यायचे, हे कोणी सांगितलेलेच नाही. गावपातळीवरही तेच. २०११ पासून राज्यातल्या पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण अंदाजपत्रक वाचता येत नसेल तर सरपंचबाई दाखवतील तिथे सही करते, मग दाखवणारा नवरा असो की ग्रामसेवक.

संस्था चालवणाऱ्यांनाही हे टळलेले नाही. विदेशी देणगीचा कायदा २०२० साली बदलला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आली. कंपन्यांचा सीएसआर निधी घ्यायचा तर नोंदणी आणि अहवाल वेगळे. यात लहान संस्थांचा जीव जातो. सगळा कागद सी.ए.च्या हाती सोपवला की हळूहळू कामाची दिशाही कागदच ठरवू लागतो.

यावर एक आक्षेप हमखास येईल : शिकलेली कार्यकर्ती बाबू होईल, बाईचे रडणे ऐकण्याआधी तिला रकाना दिसेल. ही भीती खरी आहे. पण इतिहासाकडेही बघू. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचे वडील इथल्याच सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कचेरीच्या माणसाने मुलीला घरी शिकवले, आणि त्या मुलीने साऱ्या पुरुषजातीचा जाब विचारला. सरकारी चाकरीत बायकांना शिरू द्यायलाही व्यवस्थेने सहज होकार दिलेला नाही. परराष्ट्र सेवेतल्या बाईने लग्नासाठी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, असा नियम होता. सी. बी. मुथम्मा यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि १९७९ साली न्यायालयाने अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. आणि राज्य स्थापन झाल्यावर महाराष्ट्राला पहिली महिला मुख्य सचिव मिळायला २०२४ साल उजाडावे लागले. ज्या दारातून आपल्याला इतकी वर्षे लांब ठेवले, त्यामागे काय चालते ते आपण शिकूच नये, हा कुठला स्वाभिमान?

करायचे काय? प्रत्येक संघटनेने दर दोन वर्षांनी एका कार्यकर्तीची फी भरावी आणि अभ्यासाला रजा द्यावी. इग्नूचे एम.ए. घरी राहून करता येते, पण ते इंग्रजी-हिंदीतून. मराठीत चांगली पुस्तके आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पंचायत समितीत महिनाभराचे क्षेत्रकार्य, ही मागणी आपण विद्यापीठाकडे लावून धरावी. आणि शिकून आलेलीने महिन्यातून एक दिवस बाकीच्यांना एक खरी फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवावी.

आणखी एक गोष्ट उरते. ज्या मुलीमुळे ती चौदा महिन्यांची फाइल हलली, ती दोन वर्षे पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून, थोड्या गुणांनी हुकून परत आली आहे. घरात तिची गणना 'नापास' अशी होते. आम्ही तिला देतो ते मानधन इतके तुटपुंजे आहे की वडील त्याला नोकरी म्हणत नाहीत. त्यांनी तिला दिलेली मुदत येत्या लग्नसराईपर्यंतची आहे. तिच्यासारख्या मुली चिखलीत, मेहकरात, खामगावात प्रत्येक अभ्यासिकेत बसल्या आहेत. संविधान, पंचायत राज, अर्थसंकल्प त्यांना पाठ आहे, आणि दोन-तीन वर्षांत ते सारे ज्ञान चुलीपाशी जाणार आहे.

आमच्या कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मी तिच्यासाठी कायम पद आणि नीट पगार मागणार आहे. पैसे कुठून, हा प्रश्न येईल. तेव्हा संस्थेचे अंदाजपत्रक मी तिच्याच हाती देणार आहे. तुमच्या संघटनेत अशी कोण आहे, आणि तिला तुम्ही काय देता, ते जरूर कळवा.