फोडणीचा धूर जातो कुठे?

रविवारची सकाळ. स्वयंपाकघरात आमटीला लाल मिरचीची फोडणी पडते आणि दिवाणखान्यात पेपर वाचत बसलेल्यांना ठसका लागतो. “अगं, दार लोटून घे जरा!” अशी हाक जाते. दार लोटलं जातं, ठसका थांबतो. दारापलीकडे जी उभी आहे तिच्या ठसक्याचं काय झालं, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही कैक वर्षं आलं नव्हतं.

ते आलं मावशीमुळे. मावशीचं सारं आयुष्य सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. पासष्टी उलटल्यावर तिला चार पायऱ्या चढताना धाप लागू लागली. वयाचा परिणाम म्हणून दोन वर्षं तशीच गेली. अखेर शहरात आणून तपासणी केली. तिथे एका नळीत जोरात फुंकर मारायला सांगितल्यावर ती म्हणाली, “जन्मभर फुंकणी फुंकली, आता इथंही फुंकायचीच का?” आम्ही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. तिने कधी विडी ओढली नव्हती, घरात कुणी ओढणारं नव्हतं, आणि तरी फुफ्फुसं मात्र पट्टीच्या विडी ओढणाऱ्यासारखी. चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केलात, असं विचारल्यावर मावशी बोटं मोजू लागली.

वैद्यकाला ही गोष्ट नवी नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने गुजरातेतल्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या वाट्याला येणारा धूर सहकाऱ्यांसह मोजला होता. घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, खेडोपाडी सिलिंडर पोचले, हे चांगलंच झालं. पण सिलिंडर भरून आणायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते, आणि पाणी तापवायला, भाकरीला ती तशीही पेटतेच.

हे सगळं गावाकडचं, आपल्या फ्लॅटला काय त्याचं, असं वाटत असेल तर आपल्या ओट्यापाशी जरा उभं राहून पाहावं. गॅसची ज्योत निळी असते, तिला काजळी धरत नाही. म्हणून ती निर्दोष ठरत नाही. तिच्यातून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, आणि दमेकऱ्यांना तो चांगलाच जाणवतो. वर तापलेल्या तेलाचा धूर. ज्योत हलते म्हणून पंखा बंद. ड्राय बाल्कनीला काचा लावून तिथे कपड्यांचं मशिन ठेवलेलं. एक्झॉस्टच्या भोकात पारवे शिरतात म्हणून पुठ्ठा कोंबलेला. काही घरांत हौसेने चिमणी बसवलेली असते, पण भिंत फोडायला नको म्हणून बिनपाइपाची. ती तेलकटपणा थोडाफार अडवते आणि बाकीची हवा जिथल्या तिथे सोडते. जुन्या घरांत निदान कौलांच्या फटींतून धूर बाहेर पडे. (अर्थात त्याचे गोडवे गाऊ नयेत, मावशी त्याच कौलांखाली बसली होती.)

संध्याकाळी आपण आणखी भर घालतो. डास येतात म्हणून खिडक्या लावायच्या आणि आत कॉइल पेटवायची. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे सूक्ष्म कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले होते. त्यापेक्षा खिडकीला जाळी आणि पलंगाला मच्छरदाणी बरी. उदबत्तीबद्दल लिहिलं की पत्रं येतात. देवापुढे ती लावावी, पण खिडकी उघडी ठेवून. देवाची त्याला हरकत नसावी.

मात्र एका बाबतीत थट्टा नको. बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझर तिथला ऑक्सिजन वापरून टाकतो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडू लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, चक्कर येते आणि कडी उघडायचं भान राहत नाही. आंघोळीला गेलेली तरुण मुलं अशी दगावल्याच्या बातम्या थंडीत येतात. हा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच हवा.

“बाहेरची हवा तरी कुठे चांगली आहे?” हा प्रश्न रास्त आहे. मुंबई-पुण्यात हिवाळ्यात ती वाईटच असते. रहदारीच्या वेळी रस्त्याकडची खिडकी जरूर लावावी. पण फोडणी पडत असताना ओट्यापाशी बाहेरच्यापेक्षा घाण हवा असते, आणि तेव्हा मागची खिडकी उघडण्याला पर्याय नाही. हवा शुद्ध करणारं यंत्र कण टिपतं, कार्बन मोनॉक्साइड नाही. शिवाय ते आपण ठेवतो कुठे? दिवाणखान्यात किंवा निजायच्या खोलीत. स्वयंपाकघरात ठेवलेलं मी अजून पाहिलेलं नाही. कुंड्यांचंही तसंच. ‘नासा’चा १९८९ सालचा प्रयोग सगळे सांगतात, पण तो हवाबंद पेट्यांमध्ये केलेला होता. राहत्या घरात तेवढा परिणाम हवा तर माणसांना राहायला जागा उरायची नाही.

गेल्या महिन्यात आमच्या एक्झॉस्टमधला पुठ्ठा मी काढला. त्यावर बोटभर तेलकट थर होता. बाहेरून जाळी मारून घेतली, पाती सोड्याच्या पाण्याने धुतली. वायरमन विचारत होता, “काका, एवढं काय त्याचं? वहिनींनी काही तक्रार केली का?” तिने केली नव्हती, बत्तीस वर्षांत एकदाही. आता पंखा घरघरतो, पेपर वाचताना त्याचा आवाज येतो. जाळीवर पारवा बसलेला असतो.