फलक लावला म्हणजे डोंगर वाचला असे नव्हे

कोळसाखाणींच्या इतिहासावरील आपल्या लेखात अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या ब्लेअर डोंगराचा ओझरता उल्लेख आहे. तिथे पायथ्याशी एखादा स्मारकफलक लावला की पुरे, मग कोळसा खुशाल काढावा, असा लेखाचा सूर दिसला. तो पटला नाही.

ऑगस्ट १९२१ च्या अखेरीस सुमारे दहा हजार खाणकामगार गळ्यात लाल रुमाल बांधून या डोंगरावर चालून गेले. युनियनमध्ये गेले की नोकरी जायची आणि तिच्यासोबत कंपनीचे घरही. पगार बऱ्याचदा कंपनीच्याच टोकनांत, ती चालायची कंपनीच्याच दुकानात. कामगारांची बाजू घेणारा मेटवान गावचा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड याला १ ऑगस्टला न्यायालयाच्या पायऱ्यांवर गोळ्या घातल्या, तेव्हा मात्र लोकांचा संयम सुटला. समोर माथ्यावर खाणमालकांच्या बाजूच्या शेरीफ डॉन चेफिनची माणसे मशीनगन लावून बसलेली. भाड्याच्या विमानांतून बाँबही पडले. लष्कर आले तेव्हा लढाई थांबली.

कोण कुठल्या खिंडीतून चढला, कुठे अडला, हे तिथल्या मातीत सापडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या सांगतात. वेगळ्या बनावटीची पुंगळी म्हणजे वेगळी बंदूक, बहुधा वेगळी बाजू. खुल्या खाणीसाठी सुरुंगाने माथा उडवून ढिगारा दरीत लोटला, की हा पुरावा त्याखाली कायमचा गेला. पायथ्याचा फलक मग कशाची खूण सांगणार?

सरकारी वारसायादीचा खेळ तर पाहा. २००९ मध्ये डोंगर यादीत आला, वर्ष सरायच्या आत जमीनमालकांच्या हरकतींची बेरीज पुढे करून बाहेर काढला. २०१६ मध्ये न्यायालयाने तो निर्णय चुकीचा ठरवला आणि २०१८ मध्ये डोंगर पुन्हा यादीत आला. पण खाणीचे जुने हक्क सिद्ध झाले, तर यादीतल्या जागेचेही संरक्षण लंगडे पडते.

राहिला रोजगार. या राज्यात एके काळी सव्वा लाखाच्या आसपास खाणकामगार होते, आज पंधरा हजारही नाहीत. माथा उडवणाऱ्या खाणीत माणसांपेक्षा यंत्रे जास्त. आमच्या वणी-घुग्घूस पट्ट्यात खुल्या खाणींच्या मातीचे डोंगर रोज दिसतात, त्यामुळे 'गावाचे भले होईल' हे वाक्य आम्हाला नवे नाही.

कोळसा हवाच असेल, तर भूमिगत खाणीचा पर्याय आहे. माथ्यावरच्या खुल्या खाणीला मात्र परवाना नको, आणि जुन्या हक्कांची पळवाट मोबदला देऊन बुजवावी.

— एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)