साडेचार हजारांची शाल

मुलांच्या शाळेच्या वह्या हाती आल्या की त्या चाळल्यावाचून मला राहवत नाही, हे या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. या आठवड्यात शेजारच्या सहावीतल्या मुलीची गणिताची वही पाहिली आणि मन उद्विग्न झाले. प्रश्न होता, काठमांडूच्या बाजारातील एका शालीची किंमत नेपाळी 720 रुपये असल्यास भारतीय रुपये किती होतील? मुलीने भागाकार नेटका मांडला होता, पण शेवटी दशांशचिन्ह एक घर सरकले आणि उत्तर आले 4500. त्याखाली लाल शाईत शेरा होता : ‘चिन्ह चुकले.’

तपशील थोडक्यात सांगतो. भारतीय 100 रुपयांस नेपाळी 160 हा दर 1993 पासून कायम आहे. म्हणून 720 ला 1.6 ने भागावे, 450 येतात. आठ नेपाळी रुपये म्हणजे पाच भारतीय, एवढे ध्यानात ठेवले तर हा हिशेब तोंडीही होतो.

माझी तक्रार त्या शेऱ्याविषयी आहे. आपला रुपया तेथे दीडपटीहून अधिक भरतो, तेव्हा 720 चा आकडा आपल्या चलनात येताना घटलाच पाहिजे, ही गोष्ट भागाकाराला हात घालण्यापूर्वी त्या मुलीला कोणी विचारलीच नव्हती. ती विचारली असती, तर साडेचार हजारांचा आकडा लिहिताना तिची लेखणी आपणहून अडखळली असती. पशुपतिनाथाच्या यात्रेस आपल्याकडील कुटुंबे जातात, तेथील दुकानदार किंमत सांगतो तेव्हा ‘आयसी की एनसी’, म्हणजे भारतीय की नेपाळी, हे आधी विचारून घ्यावे लागते, आणि अशा वेळी पैशांचे पाकीट दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती देऊन ‘आता आकडा वाढेल की घटेल?’ एवढे विचारले, तर दशांशाचा निम्मा धडा त्या दुकानाच्या पायरीवरच पुरा होतो.

आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत. त्या पाठांतराचा जाच मी नाकारीत नाही, पण त्यातून अपूर्णांकाचे वजन जिभेवर बसत असे. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा चार आण्यांचे 25 आणि आठ आण्यांचे 50 हे अशा माणसास कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. पेच होता तो एका आण्याचा, कारण त्याचे सव्वासहा पैसे होत आणि पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्यास 6, दोन आण्यांस 12 आणि तीन आण्यांस 19 पैसे धरले गेले. दशांश शिकविताना हे छोटे कोष्टक मुलांपुढे अवश्य ठेवावे. आसन्न किंमत म्हणजे काय, हे त्याहून स्पष्ट करणारे उदाहरण मला माहीत नाही.

प्रवासाचा विषय निघालाच आहे, तर एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. गाडी 9.45 ला सुटते आणि 12.20 ला पोहोचते, असे वेळापत्रकात छापलेले असते. ज्या मुलाने नुकतीच दशांशांची वजाबाकी शिकली आहे, तो प्रामाणिकपणे 2.75 असे उत्तर काढतो, आणि प्रवास तर दोन तास पस्तीस मिनिटांचा असतो. तेथील टिंब दशांशचिन्ह नव्हेच, कारण तासाचे भाग साठ. क्रिकेटचेही तेच. 19.3 षटके म्हणजे एकोणीस षटके व तीन चेंडू, अर्थात साडेएकोणीस. 156 धावांना 19.5 ने भागले तर षटकामागे नेमक्या आठ धावा येतात, 19.3 ने भागले तर येत नाहीत. ज्या टिंबाचा अर्थ वर्गात एक, स्थानकावर दुसरा आणि मैदानावर तिसरा, त्याविषयी मुलांच्या मनात गोंधळ माजला तर दोष मुलांचा कसा म्हणावा?

म्हणून वेळापत्रके छापणाऱ्यांस माझी विनंती आहे की, तास आणि मिनिटे यांच्यामध्ये एक टिंब न देता उभी दोन टिंबे द्यावीत. शिक्षकांनीही दशांशाच्या पहिल्याच तासाला एक वेळापत्रक, एक धावफलक आणि विनिमयदराचे एक कोष्टक फळ्यावर शेजारी शेजारी लिहावे, आणि यांतले खरे दशांशचिन्ह कोणते, ते मुलांनाच ओळखू द्यावे.